लिस्टिंग फुकट, मग ३९९ च्या पर्सचे हातात २०३ च का?

सांगली जिल्ह्यातल्या एका ताईंचं पत्र आलंय, नाव-गाव देत नाहीये. वय ४१, घरी दोन शिलाई मशीन, खणाच्या पर्स, पाऊच, तोरणं करतात. खण कर्नाटकातल्या गुळेदगुड्डहून मागवतात आणि शिवायला शेजारच्या दोघीजणी येतात, त्यांना पर्समागे ५० रुपये देतात. दीड वर्षापूर्वी त्यांनी एका मोठ्या ऑनलाइन मार्केटप्लेसवर दुकान उघडलं, कारण रजिस्ट्रेशन फ्री, लिस्टिंग फ्री असं लिहिलेलं. जीएसटी नंबर नाही, एनरोलमेंट नंबरवर फक्त महाराष्ट्रात विकतात. पर्स ३९९ ला जाते आणि खात्यात २०३ जमा होतात. मध्येच एक दिवस फी बदलल्याचा मेल आला, विचारलं कुणी नाही. २० ऑर्डर गेल्या की ४ परत येतात. नवरा म्हणतो बंद कर, उगाच रात्रीची जागतेस. मैत्रीण म्हणते झिरो कमिशनवाल्या ॲपवर जा. ताई विचारतात, "आम्ही शिवायचं, आम्ही फोटो काढायचे, आम्ही पॅक करायचं आणि निम्मे पैसे त्यांनी घ्यायचे, ही लूट नाही का? बंद करू, की जिथे सगळंच फुकट आहे तिकडे जाऊ? आणि तोपर्यंत त्या दोघींची शिलाई ५० वरून ४० करू का?"

ताई, नमस्कार.

तुमचं पत्र वाचलं आणि सोबत पाठवलेला सेटलमेंट रिपोर्ट, म्हणजे कुठल्या ऑर्डरचे किती कापले आणि किती दिले त्याचा हिशोब, तो पण वाचला, अक्षरशः पेन घेऊन बसले रविवारी दुपारी, कारण रिपोर्ट वाचल्याशिवाय लूट आहे की नाही हे सांगणं म्हणजे ताप न बघता गोळी देण्यासारखं होतं. आधी एवढं सांगते की तुमचा राग खोटा नाहीये. रात्री साडेअकराला आलेल्या मेलमध्ये फी वाढते आणि त्यावर तुम्हाला हो-नाही म्हणायची सोयच नसते, ह्याचा राग येणारच. पण पत्रात दोन राग एकमेकांत मिसळलेत असं मला वाटलं. एक राग आहे फीचा, आणि दुसरा आहे "फुकट म्हणाले होते" ह्याचा. दुसऱ्यापासून सुरू करू कारण पुढचे सगळे चुकीचे निर्णय तिथूनच निघतात, तुमचेच नाही, मला येणाऱ्या दर चार पत्रांतल्या तिघींचे.

लिस्टिंग फ्री म्हणजे काय फ्री असतं? वस्तूचा फोटो आणि किंमत त्यांच्या ॲपवर दिसायला पैसे लागत नाहीत, एवढंच. आपल्याकडे आठवडे बाजारात तुम्ही भाजी घेऊन बसलात की बाजाराची पावती आधी फाडतात, मग तुमची मेथी खपो न खपो. ऑनलाइनवाले दारात पावती फाडत नाहीत, ते गल्ल्यात हात घालतात. विक्री झालीच नाही तर तुमचं काही जात नाही, ही त्यातली खरंच चांगली बाजू आहे आणि ती मी नाकारत नाही, नवीन माणसाला भांडवल न घालता बाजारात उभं राहता येतं. पण विक्री झाली की मग कमिशन, दर ऑर्डरमागची ठरलेली फिक्स्ड फी, शिपिंग, आणि ह्या सगळ्यावर १८ टक्के जीएसटी. म्हणजे फुकट आहे ते उभं राहणं, विकणं फुकट नाही. आणि हे त्यांनी लपवलेलंही नसतं, फी शीटमध्ये असतं, फक्त रजिस्ट्रेशनच्या पानावर "फ्री" हा शब्द मोठा असतो आणि फी शीटचा दुवा खाली बारीक. मला ह्यात तुमची चूक दिसत नाही, पण एकदा कळल्यावर त्या मोठ्या शब्दाकडे बघून निर्णय घ्यायचा नाही एवढं मात्र ठरवा.

हे आपल्याकडचंच आहे असंही नाही. ईबे ही ऑनलाइन लिलावाची साइट १९९५ ला अमेरिकेत सुरू झाली तेव्हा ती काढणारा पियेर ओमिड्यार पैसे घेतच नव्हता, छंद म्हणून चालवत होता, १९९६ मध्ये त्याच्या इंटरनेट कंपनीने त्याचंच बिल वाढवलं तेव्हा त्याने विक्रेत्यांकडून फी घ्यायला सुरुवात केली. हाताने केलेल्या वस्तूंची एट्सी बघा, तुमच्यासारख्याच बायका तिथे विकतात. तिथे एक वस्तू लावायला २० सेंट आणि विकली की वरून टक्का, तो टक्का २०१८ मध्ये ३.५ वरून ५ झाला, एप्रिल २०२२ मध्ये ६.५, आणि त्या आठवड्यात हजारो विक्रेत्यांनी आपली दुकानं बंद ठेवून संप केला. टक्का मात्र ६.५ च राहिला. आणि मला सगळ्यात बोलकं वाटतं ते ब्रिटनमधलं, ईबेने ऑक्टोबर २०२४ मध्ये तिथल्या घरगुती विक्रेत्यांची विक्री फी काढून टाकली, सगळे खूश, आणि फेब्रुवारी २०२५ पासून तीच फी खरेदी करणाऱ्याच्या बिलात बायर प्रोटेक्शन म्हणून यायला लागली. म्हणजे फी गेली नाही, तिने जागा बदलली. गोदाम, डिलिव्हरी बॉय, ॲपची जाहिरात, कॉल सेंटर, हे कुणीतरी भरतंच. तुम्ही "जिथे सगळंच फुकट" अशी जागा शोधताय, आणि माल विकून, पोचवून, पैसे गोळा करून देणारी तशी जागा मला तरी अजून सापडलेली नाही.

आता तुमची पर्स घेऊ. रिपोर्टात जे आहे तेच मांडते, तुम्ही पण वही घेऊन बसा.

पर्स ३९९. कमिशन १२ टक्के म्हणजे ४८. फिक्स्ड फी २०. शिपिंग ९८. हे झाले १६६, त्यावर १८ टक्के जीएसटी म्हणजे ३०. एकूण १९६ गेले, हातात २०३. खण, अस्तर, कॅनव्हास, चेन मिळून १०५, पॅकिंग १२, त्या दोघींची शिलाई ५०, झाले १६७. उरले ३६ रुपये.

आता २० ऑर्डर घ्या. १६ टिकल्या, ४ परत आल्या. १६ गुणिले ३६ म्हणजे ५७६. परत आलेल्या प्रत्येकीचं रिटर्न शिपिंग जीएसटीसकट तुमच्या रिपोर्टात १०० लागलंय आणि १२ चं पॅकिंग वाया, म्हणजे चारांचे ४४८. त्यात एक पर्स हमखास डाग पडून नाहीतर चेन मोडून येते असं तुम्हीच लिहिलंय, तिचे १५५ बुडाले. ५७६ वजा ४४८ वजा १५५. ताई, हे २७ रुपये वजा आहे. वीस पर्स विकून तुम्ही स्वतः पदरचे २७ रुपये घातलेत, आणि तुम्ही जे कापड बेतता, फोटो काढता, रात्री टेप लावता त्याचा एक रुपया पण ह्यात धरलेला नाही.

मला माहितीये हे वाचून पोटात खड्डा पडेल, माझ्या पण पडला. पण आता जरा नीट बघा की पैसे गेले कुठे. तुमचा सगळा राग कमिशनवर आहे, पत्रात सात वेळा कमिशन शब्द आलाय. कमिशन आहे ४८. शिपिंग ९८, त्याच्या दुप्पट. आणि रिटर्नने वीस ऑर्डरमागे सहाशे रुपये खाल्ले. चोर समजून आपण भलत्याच्याच मागे पळतोय.

९८ का लागले ते मला रिपोर्टात बघून लगेच कळलं, कारण हाच मार मी खाल्लाय. मी काही वर्षं गोधड्या विकायचे, आईच्या आणि मावशीच्या हातच्या, आणि एका मार्केटप्लेसवर मला पहिल्या महिन्यात गोधडीपेक्षा तिचं भाडं जास्त पडलं होतं. गोधडी दीड किलोची आणि बिल पाच किलोचं. भांडले, मेल लिहिले, रडले पण, मग कुरियरच्या ऑफिसात बसणाऱ्या एका मुलाने टेप काढून खोकं मोजून दाखवलं. हे लोक काट्यावरचं वजन आणि खोक्याचं आकारमान दोन्ही बघतात आणि जे जास्त असेल ते लावतात. लांबी गुणिले रुंदी गुणिले उंची, सगळं सेंटीमीटरमध्ये, भागिले ५०००, की आलं किलोमधलं वजन. ह्याला व्हॉल्यूमेट्रिक वजन म्हणतात.

तुम्ही लिहिलंय की पर्स चुरगळू नये म्हणून आत पेपरचा बोळा भरून छान बॉक्समध्ये पाठवते, ३० बाय २२ बाय १०. पर्स काट्यावर १८० ग्रॅम. पण ३० गुणिले २२ गुणिले १० म्हणजे ६६००, भागिले ५००० म्हणजे १.३२ किलो, आणि स्लॅब अर्ध्या-अर्ध्या किलोचे असतात म्हणून तुम्हाला दीड किलोचं भाडं लागतंय. तुम्ही हवा पाठवताय ताई, आणि हवेचं भाडं भरताय. आतला बोळा काढा, चेन लावून पर्स सपाट करा, आत एक पुठ्ठा ठेवा म्हणजे मोडणार नाही, आणि टॅम्परप्रूफ पाकिटात घाला, फाडल्याशिवाय उघडत नाही त्या. २८ बाय २० बाय ३ झालं तर १६८०, भागिले ५००० म्हणजे ३३६ ग्रॅम, अर्ध्या किलोच्या स्लॅबमध्ये बसलं. तुमच्याच रेट कार्डात अर्ध्या किलोला ५८ आहेत. आणि लिस्टिंगमध्ये पॅकेजची मापं भरलेली असतात ती पण बदला, पुष्कळ जणी पाकीट बदलतात आणि मापं जुनीच ठेवतात.

म्हणजे ४० रुपये आणि त्यावरचा जीएसटी वाचला, पर्समागे ४७. उरणारे ३६ चे ८३ झाले. वीस ऑर्डरचा तोच हिशोब, रिटर्न तेवढेच धरले तरी, २७ वजावरून ७२५ जमेवर येतो. कमिशन एक पैसा कमी न होता.

मग रिटर्न. कारणं तुम्ही दिलीयत, बहुतेक ठिकाणी "रंग वेगळा" नाहीतर "लहान आहे". खणाचा उभा धागा एका रंगाचा आणि आडवा दुसऱ्या, तो हलवला की वेगळा दिसतो, तीच त्याची शोभा आहे आणि फोटोत तोच घात करतो. तुमचे फोटो ट्यूबलाइटखाली काढलेले आहेत, जांभळा निळा दिसतोय आणि हिरवा काळपट. सकाळी नऊच्या आसपास खिडकीपाशी काढा, फ्लॅश नको, फिल्टर तर नकोच, आणि एक दहा सेकंदाचा व्हिडिओ ज्यात पर्स हातात हलतेय. पहिल्या दोन ओळीत लिहा की खणाला दोन रंगांची झाक असते. मापासाठी सेंटीमीटर कुणी वाचत नाही, पर्सच्या शेजारी मोबाइल ठेवून फोटो काढा, लगेच कळतं. माझ्या गोधडीवर मी पाच वर्षांच्या भाचीला झोपवून फोटो काढला होता आणि "छोटी निघाली" ही तक्रार जवळजवळ बंद झाली.

आणि पर्स ४४९ ला करून बघा. तुम्हाला भीती वाटते की ५० वाढवले तर सगळं कमिशनमध्ये जाईल, नाही जात, ५० मधले कमिशन आणि जीएसटी मिळून ७ जातात आणि ४३ तुमच्याकडे येतात, कारण शिपिंग आणि फिक्स्ड फी तेवढीच राहते. ह्याच कारणाने दीडशेचा एकटा पाऊच मार्केटप्लेसवर विकू नका, शिपिंगच त्याला खाऊन टाकतं, तीन पाऊचचा सेट करा, एकाच पाकिटात, एकच फिक्स्ड फी. स्वस्त वस्तू सुटी विकली की ऑर्डरी भरपूर दिसतात आणि खातं रिकामं, ह्या गोष्टीने मी कितीतरी जणींना दमलेलं बघितलंय.

झिरो कमिशनचं बोलू. मैत्रीण सांगते ते खोटं नाहीये. मीशोने २०२१ मध्ये विक्रेत्यांचं कमिशन शून्य केलं, त्यांची कमाई डिलिव्हरीच्या आणि जाहिरातीच्या पैशातून येते. ॲमेझॉनने एप्रिल २०२५ पासून ३०० रुपयांच्या आतल्या बऱ्याच वस्तूंवरची रेफरल फी, म्हणजे कमिशनच, काढली. हे आकडे सारखे बदलतात त्यामुळे ज्या दिवशी निर्णय घ्याल त्या दिवशीची फी शीट बघा, माझ्या लेखावर जाऊ नका. पण समजा कमिशन गेलं, तुमचे ४८ आणि त्यावरचा जीएसटी मिळून ५७ वाचले, तर ते ५७ तुमच्याकडे राहतील का हा खरा प्रश्न आहे. कमिशन तुमचं एकटीचं गेलेलं नसतं, सगळ्यांचंच गेलेलं असतं, आणि शेजारचा मशीनवर छापलेलं खणासारखं दिसणारं कापड घेऊन तीच पर्स २४९ ला लावतो. तिथे गिऱ्हाईक किंमत बघून येतं, आणि किमतीच्या शर्यतीत हाताने शिवणारी बाई जिंकू शकत नाही, जिंकली तर स्वतःची मजुरी सोडूनच जिंकते. तिथे जाऊच नका असं मी म्हणत नाहीये, पाऊचचे सेट लावून बघा, पण तीच वही घेऊन, महिनाभर, आणि "हातात किती" हाच एक रकाना बघायचा. ओएनडीसी, म्हणजे ओपन नेटवर्क फॉर डिजिटल कॉमर्स, त्याबद्दल पण विचारलंत. ते सरकारच्या पुढाकाराने डिसेंबर २०२१ मध्ये स्थापन झालं, पण ते दुकान नाहीये, जाळं आहे, त्यावर यायला एखादं सेलर ॲप लागतं आणि गिऱ्हाईक दुसऱ्या कुठल्यातरी ॲपवरून येतं, आणि ह्या दोघांचा वाटा असतोच. कमी असू शकतो, शून्य नाही.

जीएसटीचं थोडक्यात, कारण हा प्रश्न पुष्कळ जणींचा असतो. १ ऑक्टोबर २०२३ पासून ४० लाखांच्या आत उलाढाल असलेल्याला जीएसटी नंबर न घेता एनरोलमेंट नंबरवर ऑनलाइन माल विकता येतो, अट अशी की एकाच राज्यात. तुम्ही तेच करताय, बरोबर आहे. पण फीवरचा जो १८ टक्के जीएसटी तुम्ही भरता तो तुमच्यासाठी सरळ खर्च आहे, नियमित जीएसटी नंबर असलेल्याला तो परत वळता करून घेता येतो. म्हणून कुणी सांगेल लगेच नंबर घे, तर थांबा. नंबर घेतला की तुमच्या मालावर जीएसटी लागणार, जीएसटीचे रिटर्न भरायचे, सीएची फी. महिन्याला ३०-४० पर्सवर ते परवडत नाही. महाराष्ट्राबाहेरून, बेंगलोर-इंदूरमधून "पाठवता का" अशी विचारणा खूप यायला लागली तर मग बघू. टीडीएस, म्हणजे विक्रीच्या पैशातून आधीच कापतात तो आयकर, कापला जाईल ह्याची भीती पण काढून टाका, वर्षाची विक्री ५ लाखांच्या आत आणि पॅन दिलेला असेल तर तो कापत नाहीत.

तुम्ही पत्राच्या शेवटी दोन ओळीत उरकलंत ते मला सगळ्यात जास्त लागलं, की फुकट जाहिरातीच्या एका साइटवर तोरणं टाकली, एकाने सगळी घेतो म्हणून क्यूआर कोड पाठवला आणि खात्यातून १८०० गेले. ह्यात लाजण्यासारखं काही नाही, शिकलेल्या माणसांचे लाखांनी गेलेत. पण तुमच्यासारख्या सगळ्यांसाठी ठळक लिहिते, पैसे घेताना कधीही यूपीआय पिन टाकावा लागत नाही, स्कॅन पण करावं लागत नाही. पिन मागितला म्हणजे पैसे तुमच्या खात्यातून जाणार. असं झालं की त्याच मिनिटाला १९३० ला फोन करायचा, घरच्यांना सांगू का नको ह्या विचारात तास घालवायचा नाही. फुकट जाहिरातीच्या ठिकाणी मधे कुणीच नसतं, पैसे सांभाळणारं नाही, भांडण मिटवणारं नाही, तिथल्या फुकटाचा अर्थ तो असतो. ज्या फीला तुम्ही शिव्या घालता तिच्यात हे पैसे सांभाळणं पण आहे, हे निदान एकदा मनाशी धरून बघा.

मग लूट आहे की नाही? माझं मत सांगते. १२ टक्के कमिशन ही मला लूट वाटत नाही, माझ्या गोधड्या ज्या दुकानात ठेवायचे तो ३५ टक्के ठेवायचा आणि पैसे तीन महिन्यांनी द्यायचा. प्रदर्शनात स्टॉल घेतला तरी भाडं, गाडीभाडं, चार दिवसांचं जेवण, आणि पाऊस आला तर सगळं पाण्यात. पण चुकीच्या वजनाचं बिल, बदली माल परत करणाऱ्या गिऱ्हाइकाचं ऐकून विक्रेत्याचे पैसे कापणं, न विचारता सेलमध्ये घालून सूट आपल्या माथी मारणं, ह्याला मी व्यवहार म्हणणार नाही, आणि इथे तुम्ही गप्प बसू नका. पॅक करताना मोबाइल स्टँडला लावून व्हिडिओ करा, पर्स, ऑर्डर नंबर, काट्यावरचं वजन, पाकिटाला लावलेली टेप, एकाच व्हिडिओत न थांबता. परत आलेलं पाकीट पण व्हिडिओ लावूनच उघडा. भरपाईच्या क्लेमला मुदत असते, काही ठिकाणी थोड्याच दिवसांची, त्यामुळे परत आलेलं पाकीट "नंतर बघू" म्हणून कपाटावर ठेवायचं नाही. तक्रार फोनवर नको, तिकीट टाका, नंबर लिहून ठेवा. ॲपमध्ये प्रमोशनच्या पानावर जाऊन कुठल्या सेलमध्ये आपोआप नाव गेलंय ते बघा आणि नको असेल तर काढा. आणि एक माहिती असू द्या, ई-कॉमर्सचे जे ग्राहक संरक्षण नियम २०२० मध्ये आले त्यात असं आहे की एकाच प्रकारच्या विक्रेत्यांमध्ये मार्केटप्लेस काही वेगळी वागणूक देत असेल तर ते त्यांनी विक्रेत्यांच्या अटींमध्ये लिहिलं पाहिजे. तक्रारीत हे वाक्य घातलं की उत्तर जरा वेगळ्या सुरात येतं, हा माझा अनुभव.

आता जे मला तुम्हाला सगळ्यात मनापासून सांगायचंय. तुमचं वाक्य आहे, "दीड वर्षात सहाशे गिऱ्हाइकं जोडली." ताई, ती तुमची नाहीयेत अजून. त्यांचे नंबर तुमच्याकडे नाहीत, त्यांना तुमचं नाव माहीत नाही, त्यांना ॲपचं नाव माहितीये. उद्या खातं बंद झालं तर सहाशेतली एकही तुम्हाला शोधू शकणार नाही. पाकिटात स्वतःच्या फोन नंबरची चिठ्ठी टाकू नका, बहुतेक ठिकाणी ते नियमाविरुद्ध आहे आणि खातं त्यावरूनच जातं. पण पर्सच्या आत अस्तराला तुमच्या दुकानाच्या नावाचं विणलेलं लेबल शिवा, ते मालाचाच भाग आहे. त्याच नावाचं इन्स्टाचं पान आणि व्हॉट्सॲप बिझनेस ठेवा. ज्या बाईला पर्स आवडेल ती नाव शोधत येईल, सगळ्या नाही, शंभरातल्या पाच येतील, पण त्या पाच तुमच्या. तिथे पैसे यूपीआयवर घ्या, कमिशन नाही, माल स्पीड पोस्टने पाठवा. पण तिथेही फुकट समजू नका, "रेट प्लीज" ची उत्तरं देण्यात, पोस्टात जाण्यात वेळ जातो, तो वहीत लिहा.

आणि तुमच्याकडे वाण आहे की! संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत घरोघरी हळदीकुंकू असतं, प्लॅस्टिकचे डबे नकोत म्हणणाऱ्या बायका आता खणाचे पाऊच शोधतात, २५-२५, ५०-५० एकदम. अशा एका ५० च्या ऑर्डरमध्ये रिटर्न नाही, कमिशन नाही, एकच पार्सल, निम्मे पैसे आगाऊ. तुमच्या तालुक्याच्या ठिकाणी शाळा आहेत, पतपेढी आहे, महिला मंडळं आहेत, दहा ठिकाणी नमुना घेऊन जाऊन या. मार्केटप्लेसवरचं दुकान तुम्ही ठेवाच, पण ती तुमची रस्त्यावरची काच समजा, लोकांना दिसण्यासाठी, आणि घर चालेल ते ह्या ऑर्डरींवर.

राहिलं नवऱ्याचं आणि त्या दोघींचं. नवरा बंद कर म्हणतोय ते मला वाईट मनाने वाटत नाही, तो तुम्हाला रात्री एकपर्यंत टेप लावताना बघतोय आणि खात्यात काही दिसत नाहीये. वरचा हिशोब त्याला दाखवा, २७ वजा पण दाखवा आणि ७२५ पण दाखवा, आणि पुठ्ठे कापायचं काम त्याच्याकडे द्या. शिलाई मात्र ५० ची ४० करू नका, कृपा करून. पर्समागे तुम्हाला १० रुपये सुटतील आणि पाकीट बदलून ४७ सुटतात, मग १० साठी त्या दोघींच्या हातातले का काढायचे? वाणाची ऑर्डर आली तर त्यांचे हात तुम्हाला लागणार आहेत आणि तेव्हा त्यांनी यावं असं वाटत असेल तर उलट पाऊचची शिलाई किती हे आत्ताच त्यांच्याशी बसून ठरवा.

एवढंच आधी करा, पुढच्या दहा पर्स सपाट पाकिटात पाठवा आणि खणाची ऑर्डर ह्याच आठवड्यात द्या, दिवाळीनंतर मागे सगळेच लागतात आणि तुम्ही म्हणता तसे जांभळे आणि मोरपंखी आधी संपतात. दहा पर्सचा रिपोर्ट आला की मला पाठवा, तुमच्यासोबत मी पण वहीत लिहिणार आहे.